पार्ट बदलून झाले, ॲव्हरेज मात्र साडेसहावरच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीसेक वर्षांची पेट्रोल पिकअप, व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. पूर्वी लिटरला ९ द्यायची, आता साडेसहा. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक ऑक्सिजन सेन्सर नवा घातला, तरी काडीचा फरक नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आणि जाता जाता तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात: गेल्या वर्षी मोठे टायर टाकले, आणि सकाळी हीटरची हवा पूर्वीसारखी गरम येत नाही.

माझ्या मते निम्मं उत्तर या शेवटच्या दोन गोष्टींतच आहे. पण आधी एक कळकळीची विनंती. यापुढे तपासल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. जे बदललंत ते चांगल्या हेतूनं बदललंत, पण बदलण्याआधी ते खराब होतं की नाही हे कुणी पाहिलं नाही. जुन्या गाडीत असं करत गेलं की खर्च वाढत जातो, मूळ दुखणं जागच्या जागी राहतं, आणि कधी कधी चांगला चालणारा मूळ पार्ट जाऊन त्याच्या जागी हलक्या प्रतीचा नवा येतो.

टायरचं आधी घेतो, कारण ते कागदावरच सुटतं. मूळ टायर २३५/७५ आर १५ मापाचे असतील तर त्यांचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर होता. आता टाकलेले ३१ इंची म्हणजे ७८७. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. तो फेऱ्या मोजतो आणि जुन्याच चाकाच्या हिशोबानं किलोमीटर दाखवतो. मीटरवर १०० पडतात तेव्हा गाडी खरं तर १०७ चाललेली असते. म्हणजे तुमचं साडेसहा हे प्रत्यक्षात सातच्या आसपास आहे. अडीचची घट वाटते त्यातला जवळजवळ अर्धा किलोमीटर नुसता मोजण्यातला आहे. फोनवर जीपीएस लावून ५० किलोमीटर सलग चालवा, मीटरशी ताडून बघा आणि जो फरक निघेल त्यानं पुढचा प्रत्येक हिशोब दुरुस्त करा.

मोठ्या टायरचा खराखुरा तोटाही आहेच. चाक जड झालं, नक्षी खोल आणि उघडी असेल तर ते रस्त्याला जास्त घासतं, आणि जराशा चढाला गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह (इंजिन सावकाश फिरवणारा सगळ्यात वरचा गिअर) सोडून खालच्या गिअरवर येतो. पण एवढ्यानं ९ चे ७ होत नाहीत. बाकीचं दुसरीकडे जातंय.

मोजण्याबद्दलच आणखी एक. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या खेपेला त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी लावून पुन्हा फुल करायची, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं. वरून भर घालायची नाही. पंधरा लिटर भरताना लिटर-दीड लिटरचा फरक राहिला तर तुमचा आकडा दहा टक्क्यांनी खोटा होतो. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवा आणि लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी धरा. एका टाकीवरून काही ठरवू नका.

आता हीटर. तुमच्या गाडीत माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे, आणि तो उघडा राहून अडकलाय असं मला वाटतं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक छोटी डबी आणि तिला जोडलेली झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि पटकन तापतं. गाडीगणिक ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कुलंट रेडिएटरकडे जातं. जुनी झाली की ही झडप कधी बंद अडकते, कधी उघडी. बंद अडकली तर इंजिन तापतं आणि सगळ्यांचं लगेच लक्ष जातं. उघडी अडकली तर काहीच घडल्यासारखं दिसत नाही. गाडी सुरू होते, चालते, काटा थोडा खाली राहतो, आणि इंजिन दिवसभर कोमट चालतं.

कोमट इंजिन पेट्रोल का पितं हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडीचा कॉम्प्युटर कुलंटच्या तापमानावरून ठरवतो की इंजिन गरम झालंय की नाही. थंड आहे असं वाटलं की तो हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवतो, जुन्या काळी आपण चोक ओढायचो तसं. आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, थोडा चढा ठेवतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप, म्हणजे घसरण न होता थेट जोडणारी पकड, हीही इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत देत नाही. शिवाय इंजिन ऑइल घट्ट राहतं, त्यामुळे घर्षण वाढतं. एका लहानशा झडपेपायी चार बाजूंनी पेट्रोल जातं, आणि जुन्या गाड्यांत यासाठी दिवा लागेलच असं नाही.

अशीच एक पिकअप माझ्याकडे आली होती. आधी दोन ठिकाणी जाऊन आलेली. इंजेक्टर काढून धुतलेले, कॉइल नव्या, फ्युएल पंपसुद्धा नवा. सकाळी थंड इंजिनावर बॉनेट उघडून मी सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर (रबरी पाइपवर) तळहात ठेवून उभा राहिलो. चांगल्या गाडीत हा पाइप बराच वेळ गारच लागतो. इंजिन तापतं, तुम्ही वाट बघता, आणि मग थर्मोस्टॅट उघडला की थोड्याच वेळात हाताला चटका बसेल इतका तापतो. या गाडीत दुसऱ्याच मिनिटाला पाइप जरा जरा कोमट व्हायला लागला आणि तसाच हळूहळू चढत राहिला. झडप बंद होतच नव्हती. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून रस्त्यावर नेली. गर्दीत ८० अंशांपर्यंत गेली, हायवेला समोरून वारा लागला की ६२ वर उतरून तिथेच थांबली. थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट बदललं, कुलंट भरून हवा काढली. मालकानं तीन टाक्यांचा हिशोब ठेवला होता: ६.८ वरून ७.९.

तुम्हीही आधी हीच होजवर हात ठेवायची तपासणी करा. पंख्यापासून हात आणि बाहीचं टोक लांब ठेवा, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. नवा थर्मोस्टॅट कंपनीनं दिलेल्या अंशांचाच घ्या. 'थंड चालेल, इंजिनाला बरं' असं म्हणून कमी अंशांचा टाकणारे भेटतात. त्यांचं ऐकलंत तर आज आहे तेच दुखणं नवा पार्ट घालून विकत घ्याल. हीटरची हवा कोमट येण्यामागे कुलंट कमी असणं किंवा हीटरची जाळी चोंदणं हीही कारणं असतात, म्हणून थंड असताना कुलंटची पातळी आधी पाहा.

दुसरी शक्यता, थर्मोस्टॅट ठणठणीत आहे पण तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय. यासाठी साधा स्कॅनर लागेल. अमेरिकी बाजारातल्या १९९६ नंतरच्या आणि युरोपातल्या २००१ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना तो सरळ बसतो, इतर ठिकाणच्या त्या वयाच्या बऱ्याच गाड्यांनाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि दोन आकडे वाचा: कुलंटचं तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. हवा २६ दाखवत असेल आणि कुलंट ५, तर सेन्सर, त्याचा प्लग किंवा वायर यांत दोष आहे. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. कित्येक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. काटा बरोबर मध्यावर आणि कॉम्प्युटरला मात्र इंजिन गोठल्यासारखं वाटतंय, अशी गाडी मी पाहिलीय.

चेक इंजिनच्या दिव्याबद्दल एवढंच, की चावी ऑन केल्यावर तो क्षणभर पेटतो का हे आधी बघा. पेटत नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. पेटत असला तरी स्कॅनरवर पेंडिंग कोड वाचा. दिवा लागण्याइतका दोष पक्का व्हायच्या आत तिथे नोंद झालेली असते.

तुम्ही जो ऑक्सिजन सेन्सर बदलला तो नेमका कुठला? व्ही-सिक्सला दोन बाजू, म्हणजे पुढचे सेन्सरही बहुधा दोन. मिश्रण ठरवतात ते हे पुढचे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधीचे. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का यावर नजर ठेवतो. हात सहज पोचतो म्हणून मागचाच बदललेल्या गाड्या बऱ्याच येतात, आणि त्यानं ॲव्हरेजला काही होत नाही. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर चांगला असेल तर गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झपझप खाली-वर होतो. सुस्तावलेला सेन्सर एका बाजूला रेंगाळतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम दिसतात तेही लिहून घ्या. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय की घटवतोय, ते हा आकडा सांगतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी फारसं मनावर घेत नाही. उणे पंधरा-वीस म्हणजे पेट्रोल कुठून तरी आगाऊ येतंय आणि कॉम्प्युटर ते कापतोय. तेव्हा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी असेल तर ती काढून वास घ्या. नळीत पेट्रोल ओलं लागलं तर आतला पडदा फाटलाय. इंजेक्टर गळणं आणि टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकणं, ही पुढची दोन ठिकाणं.

अधिक पंधरा-वीस दिसलं की लोक ताबडतोब व्हॅक्यूम लीक (फटीतून इंजिनात शिरणारी आगाऊ हवा) म्हणतात. इथे जरा थांबा. खऱ्या व्हॅक्यूम लीकमध्ये जास्तीची हवा आत आलेली असते, कॉम्प्युटर तिच्या जोडीला पेट्रोल वाढवून मिश्रण पुन्हा १४.७ ला १ (हवा १४.७ भाग, पेट्रोल १ भाग) वर आणतो. आयडल बिघडतो, इंजिन थरथरतं, पण त्यापायी ॲव्हरेज एवढं कोसळत नाही. ॲव्हरेज खातं ते खोटं लीन (लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी). हवा इंजिनात नाही, पण सेन्सरला ती दिसतेय. जुन्या पिकअपमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळीला) गेलेली चीर किंवा ती धरून ठेवणारा तुटलेला स्टड. थंड इंजिन सुरू केलं की मडगार्डच्या बाजूनं टिक-टिक ऐकू येते आणि गरम झालं की लोखंड फुगून चीर मिटते, आवाज कमी होतो. तिथून बाहेरची हवा सेन्सरपाशी ओढली जाते, सेन्सर 'लीन' म्हणतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. मिस फायर होणारं सिलिंडरही हेच करतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. अशा वेळी प्लग काढून बघा. प्लग काळ्या, कोरड्या काजळीनं माखलेले आणि ट्रिम मात्र अधिक, असं दिसलं तर खोटं लीन जवळजवळ नक्की. तुमचे नवे प्लग आता काही हजार किलोमीटर चालले असतील, ते काढून बघणं फुकट आहे आणि प्रत्येक सिलिंडरची हकीकत त्यावर लिहिलेली असते.

इंजिन बाजूला ठेवून चाकांकडे येतो. जुन्या पिकअपमध्ये ब्रेक धरून राहणं इतकं सर्रास आढळतं की ही तपासणी मी कधीच टाळत नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी लावा, आणि शेवटी गाडी आपोआप हळू होऊन थांबेल असं करा. उतरून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लगेच स्पर्श करू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा धग मारतंय का? इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डावं-उजवं ताडून बघा. पुढची दोन एकमेकांसारखी हवीत, मागची दोन एकमेकांसारखी.

एक चाक गरम निघालं तर गाडी सपाट जागी घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावा, मग जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. चाक हातानं फिरवा. मग कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुन्हा फिरवा. सोडल्यावरही घट्टच असेल तर कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर स्क्रू, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू, किंचित सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता, आणि अशा वेळी पहिला संशय रबरी ब्रेक होजवर घ्यायचा. तो बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून सुजून मिटतो. पायाच्या जोरावर ऑइल जातं, परत मात्र येत नाही. ब्लीडर सैल करूनही चाक मोकळं झालं नाही तर दोष यांत्रिक आहे: पुढे असेल तर गंजलेली स्लाइड पिन किंवा पिस्टन, मागे ड्रम असतील तर गंजून आखडलेली हँडब्रेक केबल किंवा जास्त घट्ट झालेला ॲडजस्टर. हे फक्त पेट्रोलपुरतं नाही. तापलेला ब्रेक ऐनवेळी धोका देतो, म्हणून असं काही निघालं तर बाकी सगळं सोडून आधी हे करा. फोर-बाय-फोर गाडी असेल तर पुढचे हब टू-व्हीलमध्ये चालवताना खरोखर सुटतात का तेही त्याच वेळी बघून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप मघाशी म्हटला. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, टॉप गिअरमध्ये ८० च्या आसपास स्थिर चालवा. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला फक्त दिवा लागेल इतका हलका स्पर्श करा. लॉकअप लागलेला असेल तर आरपीएम दोन-तीनशेनं वर जाऊन पाय काढल्यावर पुन्हा खाली येतो. काहीच हललं नाही तर लॉकअप लागतच नाहीये. गिअरबॉक्स उघडायची भाषा करण्याआधी ब्रेक लाइटचा स्विच तपासा. तो अडकला असेल तर कॉम्प्युटरला वाटतं ब्रेक कायम दाबलेला आहे, आणि तो लॉकअप देत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, ब्रेकला पाय न लावता मागे लाल उजेड पडतोय का ते आरशात दिसेल.

पंखा बेल्टवर चालणारा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लचही (गरजेपुरताच पंखा इंजिनाला जोडणारी पकड) बघा. इंजिन बंद आणि थंड असताना पातं हातानं फिरवा. थोडा अडथळा देत फिरायला हवं. लोखंडी तुकड्यासारखं कडक असेल आणि चालताना इंजिनाबरोबर सतत घोंघावत असेल तर पंखा विनाकारण ताकद खातोय. थंड सुरुवातीची पहिली एक-दोन मिनिटं घोंघावणं मात्र नेहमीचंच.

आता बाकीचं भराभर. इंजेक्शनच्या गाडीत एअर फिल्टर मळला तर ताकद कमी होते, ॲव्हरेज फारसं नाही, कारण कॉम्प्युटर कमी हवेला कमी पेट्रोल देतो. कार्ब्युरेटरवर मात्र फरक पडतो. कार्ब्युरेटरच असेल तर ऑटो चोक गरम झाल्यावर पूर्ण उघडतो का आणि फ्लोटची पातळी बरोबर आहे का, हे सगळ्यात आधी. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तुमचे टायर मूळ मापाचे नाहीत, त्यामुळे तो स्टिकर फक्त सुरुवातीचा अंदाज. चारही टायर १० पीएसआय कमी असतील तर साधारण दोन टक्के जातात. इंधनात इथेनॉल असेल तर १० टक्के मिश्रणात लिटरमागे तीनेक टक्के ऊर्जा कमी, २० टक्क्यांत सहा-सात. गाडी ९ देत होती तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं एकच आहे का, हे विचारात घ्या. वेगाचं म्हणाल तर ८० ऐवजी ११० नं गेलं की वाऱ्याचा विरोध जवळजवळ १.९ पट होतो, आणि पिकअपसारख्या चौकोनी गाडीला तो चांगलाच जाणवतो. फाळका उघडा ठेवला तर वारा सरळ निघून जातो हा समज चुकीचा आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरचा वारा त्यावरून घसरून जातो. फाळका लावूनच चालवा, आणि वापरात नसलेला शिडीचा सांगाडा मात्र काढून ठेवा.

हे सगळं बरोबर निघालं तरच इंजिनाच्या झिजेकडे वळायचं. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको. इनटेकला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळ आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर यायला हवं, उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. २,५०० आरपीएम धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरत गेला तर कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर चोंदलाय. काटा स्थिर पण मुळातच कमी असेल तर टायमिंग चेन ताणली गेल्याचा संशय घ्या.

तुमच्या गाडीपुरता क्रम असा ठेवा: उद्या सकाळी सुरू करण्याआधी दोन तापमानं, मग होजवर हात, मग हायवेवर स्थिर चालताना कुलंट किती अंशांवर थांबतं ते, त्याच फेरीच्या शेवटी चारही चाकं. दोन्ही बाजूंचे लाँग टर्म (दीर्घ मुदतीचे) फ्युएल ट्रिम आयडलला आणि २,५०० आरपीएमला लिहून घ्या. हे आकडे कळवा, आणि कुठला ऑक्सिजन सेन्सर बदलला तेही. थर्मोस्टॅट निघाला तर तो बदलून तीन टाक्या होईपर्यंत दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशानं पडला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.